मालकाने समोर उभे राहावे

किल्ल्यांच्या दुकानात आईची खुर्ची ठरलेली होती. कामाच्या टेबलाच्या डाव्या हाताला, आतल्या खोलीच्या दाराकडे पाठ करून. एक्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे कधीच संपावर गेलेले, कान मात्र अजून कामावर. दोन्ही कानांत बोराएवढी यंत्रं होती म्हणा. लेकीने कुलपात नवी किल्ली फिरवली की आई मान न वळवता सांगायची, "तिसरी खिट्टी अडखळतेय. जरा घास." लेक मुकाट्याने कानस उचलायची. बाप गेल्यापासून दुकान असंच चाललं होतं, हात लेकीचे आणि कान आईचे.

लेक पन्नाशीची. सगळे तिला कुलूपवाली म्हणत. हट्टी इतकी, की एकदा एका तिजोरीशी तीन दिवस झगडत बसली आणि शेवटी तिजोरीच कंटाळली, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. बापाचा एक नियम तिने कधी मोडला नव्हता. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. माणूस ओळखीचा असो, घाईत असो, रडत असो, मालक हवा म्हणजे हवा.

यंत्रांचा आवाज कमी-जास्त करायचा तर तो फोनमधल्या अ‍ॅपमधून. यंत्रालाच एक साधं बटण द्यायला कंपनीचं काय जात होतं, हे कुलूपवालीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. एका सोमवारी अ‍ॅप आपलं आपण बदललं. उघडलं तर पडद्यावर नव्या अटी आणि खाली दोन बटणं. 'मान्य आहे' आणि 'नंतर'. 'नाही' कुठेच नव्हतं.

अशा अटी कोणी वाचत नाही. ही वाचायला बसली. मुंगीएवढी अक्षरं, बोट जरा घसरलं की पुन्हा पहिल्या ओळीवर. दुपारपर्यंत ती एकोणिसाव्या कलमाला पोचली. 'यंत्रातून ऐकलेले सर्व काही मालकाचे राहील.' मालक म्हणजे आई की कंपनी, हे मागे-पुढे कुठेच लिहिलं नव्हतं. आपल्या आईने काय ऐकलं ते आणखी कोणाचं असेल, या विचारानेच तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिने 'नंतर' दाबलं.

मंगळवारी आवाज एका पायरीने उतरला. बुधवारी आणखी एका. रोज अ‍ॅप तेच विचारायचं, रोज ही 'नंतर' म्हणायची आणि रोज आवाज खाली जायचा. वाढवायला गेलं की पुन्हा अटी पुढ्यात. शुक्रवारी तिने एका जुन्या कुलपात किल्ली फिरवली आणि आई काहीच बोलली नाही. नुसती तिच्या हाताकडे बघत राहिली.

शनिवारी सकाळी ती यंत्रं जिथून घेतली त्या दुकानात जाऊन थडकली. काउंटरवरची मुलगी गोड होती, पण तिच्या हातात काही नव्हतं.

"ताई, सगळेच मान्य करतात हो."

"करू देत. मला 'नाही'चं बटण दाखव."

"ते नसतं. 'नंतर' आहे ना!"

"नंतर म्हणजे कधी?"

मुलगी उगाच हसली. मग तिने कागदावर वेबसाइटचा पत्ता लिहून दिला. हरकत असेल तर तिथे फॉर्म भरायचा.

दुपारी, रस्त्यावर लख्ख ऊन असताना, कुलूपवालीने दुकानातच फॉर्म उघडला. फॉर्म कसला, डोक्याला ताप. 'पुढे' हे बटण 'मी आपली मदत करू का?' अशा एका फुग्याखाली दडलेलं. फुगा बाजूला सारावा तर भरलेलं सगळं पुसलं जायचं. जन्मतारीख टाइप करायची सोय नव्हती. कॅलेंडर याच महिन्यापासून सुरू व्हायचं आणि बाण दाबत एकेक महिना मागे जायचं. एक्याऐंशी वर्षं म्हणजे हजाराला थोडेच कमी ठोके. तिने ते सगळे मारले, फॉर्म करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आईचा वाढदिवस सापडला, निवडला. खाली लाल अक्षरं उमटली.

'मालकाची जन्मतारीख जुळत नाही. आणखी मागे जा.'

"मागे कुठे जाऊ, कपाळ?" ती म्हणाली आणि रागाने बाण दाबूनच धरला. दाबून धरला की महिने भराभर पळतात, हे आत्ता कळत होतं. शंभर वर्षं गेली, दीडशे गेली. वैतागून तिने बोट उचललं. महिने पळतच राहिले. मग हळू झाले आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी थांबले. हिरवी खूण आली.

कुणा आळशाने उरकलेलं काम आहे, असं तिने स्वतःला बजावलं. पुढचं पान उघडलं.

'मालकाने समोर उभे राहावे.'

सबंध फॉर्ममधलं हे पहिलं शहाण्यासारखं वाक्य होतं. वडिलांनी लिहिल्यासारखं. फोनचा कॅमेरा चालू झाला. आईला उठवायचं कशाला, म्हणून तिने फोन खुर्चीपुढे धरला. चेहरा शोधणारी पांढरी चौकट पडद्यावर फिरू लागली. आईच्या चेहऱ्यावरून ती न थांबता पुढे गेली. खांद्यावरून वर सरकली. मागे आतल्या खोलीचं दार उघडं होतं. दारात, उंच माणसाचं डोकं येईल तिथे, चौकट थांबली.

'मालक ओळखले. धन्यवाद.'

कुलूपवालीने फोनवरून नजर उचलली. दार होतं. दारापलीकडे शेगडी, पाण्याचं पिंप, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. माणूस नव्हता.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चौकट थोडी मोठी झाली होती.

खाली दोन बटणं आली होती. 'मान्य आहे'. 'नंतर'.

तेवढ्यात आई बोलली. कालपासून जिला दाराचा धडाकाही ऐकू आला नव्हता, ती सहज, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अगं, त्यांना बसायला तरी दे. केव्हाचे उभे आहेत."

"कोणाला?" लेक ओरडली. "आई, कोणाला?"

ते मात्र आईला ऐकू गेलं नाही.

कुलूपवाली घाबरली. पण घाबरलं की तिला रागच यायचा. तिने दोन्हींतलं एकही बटण दाबलं नाही. आईच्या कानांतली यंत्रं अलगद काढली, फोनसकट लोखंडी पेटीत टाकली आणि पेटीला बापाच्या हातचं कुलूप घातलं.

"या घराचा मालक कोण, ते मी ठरवणार," ती दाराकडे बघून मोठ्याने म्हणाली. "मी काही मान्य केलेलं नाही. कळलं?"

मग तिने पितळेचा उरलेला पत्रा काढला. कापला, गोल वळवला, सांध्याला डाख दिला. एक टोक बोटभर रुंद, दुसरं ताटलीएवढं. कानाला टोचू नये म्हणून कड पुन्हा पुन्हा घासली. ऊन उतरायच्या आत कर्णा तयार झाला. ना अ‍ॅप, ना अटी. तिने बारीक टोक आईच्या कानाला लावलं आणि समोरून म्हणाली, "ऐकू येतंय?"

"ओरडतेस कशाला?" आई म्हणाली.

दोघी हसल्या. कुलूपवालीने शुक्रवारचं कुलूप उचललं, किल्ली फिरवली. आईने कर्णा त्याच्यावर रोखला, डोळे मिटले. "तिसरी खिट्टी. जरा घास."

लेकीने कानस घेतली आणि तिला रडू फुटलं. असं आनंदाने ती कित्येक वर्षांत रडली नव्हती.

डोळे पुसून वर पाहिलं, तेव्हा आईने मान वळवली होती. कर्ण्याचं तोंड दाराकडे होतं. आई मान डोलावत होती.

"काय गं?"

आईने कर्णा लेकीकडे फिरवला. "ते विचारतायत, नंतर म्हणजे कधी?"

कुलूपवालीने कानस खाली ठेवली नाही.

"सांग त्यांना. कधीच नाही."

आईने मागे वळून ते सांगितलं, पाहुण्यांना सांगावं तसं, नम्रपणे. मग कर्णा कानाला लावून बराच वेळ ऐकलं.

"काय म्हणाले?"

"मला नाही सांगत. तुझ्याशीच बोलायचंय म्हणतात."

आणि आईने कर्णा पुढे केला. बारीक टोक लेकीकडे होतं. रुंद तोंड आता दाराकडे नव्हतं. आईने ते आपल्या खुर्चीच्या पाठीला अगदी लागून धरलं होतं, आणि थोडं वर, उंच माणसाच्या तोंडाशी येईल असं.