मधमाश्यांना सांगितलेली बातमी

हॅलोवेलांच्या घरी मी कामाला लागले ती जूनमध्ये, आणि पहिल्याच दिवशी डॉक्टर बेंटांनी मला जिन्यात उभं करून नियम ऐकवले. बाईंनी दोन महिने अंथरुणातून उठायचं नाही. दर दोन तासांनी पेलाभर दूध, तेही मी पाजायचं. सकाळी मालिश. वाचन नाही, शिवण नाही, पाहुणे नाहीत, आणि लेखणी तर नजरेसही पडायला नको. "हे दुखणं लेखणीनंच आणलंय," डॉक्टर म्हणाले. बाई, म्हणजे ऑगस्टा हॅलोवेल, बोस्टनच्या एका मासिकात गोष्टी लिहायची. मूल पोटातच गेलं, तेव्हा ती महिनाभर रडली आणि मग डोळे पुसून लिहायला बसली ती उठेचना. नवऱ्याला, जोसाया हॅलोवेलला, रडणं समजलं होतं. लिहिणं काही समजलं नाही.

मी मेन राज्याच्या किनाऱ्यावरल्या एका कोळ्याची मुलगी, मर्सी टिल्टन. बोस्टनला दोन वर्षं नर्सिंग शिकले. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पाहिलं तेवढं सांगते.

मालिश करताना ऑगस्टा एकच गोष्ट विचारायची. "मर्सी, माझ्या माश्या कशा आहेत ग?"

मागच्या सफरचंदांच्या बागेत मधमाश्यांच्या आठ पेट्या होत्या. माहेरच्या रीडांच्या, म्हणजे वडिलांच्या, मळ्यातून ती लग्नात त्या बरोबर घेऊन आली होती. माश्यांविषयी बोलायलाही डॉक्टरांची बंदी होती, पण पाठ चोळताचोळता मी दोन वाक्यं सांगून टाकायची. एवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय?

जुलैत तिनं डॉक्टरांकडे पेन्सिल मागितली. झालं! डॉक्टर खाली जाऊन जोसायांना म्हणाले, "येत्या शनिवारपर्यंत हा हट्ट गेला नाही, तर वेड्यांच्या इस्पितळाशिवाय इलाज नाही. कागद मी घेऊनच येतो, तुम्ही सही करा." तोवर मेंदूला आणखी विश्रांती हवी, म्हणून त्यांनी तीन गोष्टी करायला लावल्या. रस्त्याकडच्या खिडक्यांच्या झडपा बंद केल्या. ठोक्यांचा त्रास नको म्हणून जिन्यातलं घड्याळ थांबवलं. आणि बाईंनी स्वतःचा चेहरा बघत बसू नये म्हणून आरशावर चादर टाकली.

हे सोमवारी झालं. मंगळवारी म्हातारा एनॉक बहिणीकडची गवतकापणी आटोपून परत आला. बागेचं, घोड्याचं, सगळं तोच बघायचा. मी चादरी वाळत घालायला मागे गेले तर हा बाबा हातात घराची किल्ली घेऊन शेवटच्या पेटीवर ठक ठक ठक करत होता. आठही पेट्यांना काळ्या फिती बांधलेल्या.

"एनॉक, हे काय चालवलंयस?"

"सांगतोय त्यांना. न सांगून कसं चालेल, टिल्टनबाई? घरातली मालकीण गेली आणि माश्यांना कळवलं नाही, तर रुसून उडून जातात. नाहीतर पेटीतच मरतात."

"कोण गेली?"

"आता मलाच विचारा! वरच्या झडपा बंद, घड्याळ बंद, आरशावर चादर म्हणे. घरात मयत झालं की हेच करतात. मी काय काल जन्मलोय?"

मला हसू फुटलं. "अरे, तो डॉक्टरांचा उपचार आहे! बाईंनी आत्ता माझ्या हातून दूध घेतलं."

एनॉक हसला नाही. त्यानं किल्ली खिशात टाकली. "मग वाईट झालं," तो म्हणाला. "आठही पेट्यांना सांगून बसलो मी."

दुपारी मी दोनचं दूध मागितलं तेव्हा स्वयंपाकीण म्हणाली, "कुणाला?" बाईंना, म्हटलं. "हो की," म्हणून तिनं पेला भरला खरा, पण काहीतरी आठवत असल्यासारखी उभी राहिली. संध्याकाळी जेवताना जोसाया स्ट्रॉबेरीवर साय घालत म्हणाले, "ऑगस्टाला फार आवडायची." बोलण्याच्या ओघात होतं असं एखादवेळी, मी मनाशी म्हटलं.

बुधवारी ते तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांची नजर पलंगावरून फिरली, खिडकीकडे गेली आणि परत आली. "टिल्टनबाई, ही खोली एकदा झाडून घ्या. बंद खोलीला वास येतो."

"जोसाया," ऑगस्टा उशीवरून म्हणाली, "मी इथंच आहे."

त्यांनी पुढे होऊन पांघरूण नीट केलं. तिच्या पायांवरून हात फिरवून सुरकुती काढली, आणि गेले.

आता तिला सांगणं भाग होतं. एनॉकची, काळ्या फितींची, सगळी हकिकत मी सांगितली. मला वाटलं होतं ती किंचाळेल. तिचे डोळे मात्र महिन्यात पहिल्यांदा चमकले. "गंमतच आहे! स्वयंपाकीण माझं नावही विसरली का ग? विचारून बघ ना." मलाही, खोटं कशाला बोलू, कुतूहल होतंच. मी विचारून आले. स्वयंपाकीण नाव विसरली होती.

"आणि तू?" ऑगस्टानं विचारलं.

"मी शिकलेली बाई आहे," मी म्हणाले.

गुरुवारी सकाळी दूध घेऊन जिना चढताना मी मध्येच थांबले. हातात पेला होता, गरम होता. तो कुणासाठी नेतेय ते मला आठवेना.

किती वेळ उभी होते कोण जाणे. वरून हाक आली तेव्हा कुठं पाय हलले. ऑगस्टानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. आता ती घाबरली. "मर्सी, शनिवारी ते मला त्या इस्पितळात टाकतील याची मला भीती होती. पण तूही विसरलीस तर इथं मला पाणी कोण देईल?"

मी तडक एनॉककडे गेले. तो म्हणाला, "माश्यांना सांगितलेलं परत घेता येत नाही, बाई. त्यांना दोनच गोष्टी कळतात. कोण गेलं आणि कोण आलं."

"किल्ली दे," मी म्हटलं. कोळ्याच्या मुलीशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आठही फिती मी ओढून काढल्या आणि प्रत्येक पेटीवर तीनदा ठोकून सांगितलं, "मिसेस हॅलोवेल गेलेल्या नाहीत. त्या आपल्या खोलीत, अंथरुणात आहेत."

पेट्या गप्प. भर जुलैतल्या उन्हात एक माशी बाहेर आली नाही.

मी हे ऑगस्टाला जाऊन सांगितलं. "त्या माझ्या वडिलांच्या माश्या आहेत," ती म्हणाली. "मिसेस हॅलोवेलशी त्यांचं काय देणंघेणं? त्यांना सांग, ऑगस्टा रीड आली आहे."

मी पुन्हा गेले. शुद्ध वेडेपणा वाटत होता, तरी गेले. आठव्या पेटीला सांगून झालं आणि आठही पेट्यांतून एकदम गुणगुण उठली. हातातली किल्लीसुद्धा थरथरत होती.

शनिवारी सकाळी ऑगस्टा आपणहून उठून बसली. सहा आठवड्यांनी पाय जमिनीला लागले, ते लटपटत होते. मी तिला करडा प्रवासी झगा घातला, हॅट बांधली. हातात एक लहान बॅग.

जिन्याच्या पायथ्याशी जोसाया उभे होते.



त्यांनी मान लववली. "आपली ओळख झाली नाही."

"ऑगस्टा रीड," ती म्हणाली.

"माझ्या पत्नीला भेटायला आला होतात? तिला कुणाला भेटू देत नाहीत हो. माफ करा."

"काही हरकत नाही. मी निघालेच होते."

त्यांनी स्वतः दार उघडलं. फाटकापर्यंत सोडायला गेले. ती रस्त्याला लागली, तिनं मागं वळून पाहिलं नाही. मला इतका आनंद झाला की मी कठडा धरून खाली बसले.

डॉक्टरांची घोडागाडी त्याच रस्त्यानं आली. तिच्याजवळून जाताना त्यांनी हॅट उचलली.

ते दोघे वर निघाले. मी मागोमाग गेले. रोगी कुठं गेला म्हणून विचारतील, त्याचं उत्तर जुळवत होते. पलंग मी सकाळीच आवरला होता.

डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी चादरीवरून अधांतरी काहीतरी उचललं, त्याच्यावर दोन बोटं ठेवली आणि खिशातलं घड्याळ काढलं.

"नाडी बहात्तर," ते म्हणाले. "शाबास. अगदी शांत झाल्या. जोसाया, इस्पितळाची गरज नाही. हट्ट पार गेला."

"हसली," जोसाया गहिवरून म्हणाले. "पाहिलंत? हसली!"

उशी सपाट होती.

"मिस टिल्टन, दूध."

मी पेला घेतला. त्यांच्यासमोर पाजायचं नाटक करायचं, एवढंच माझ्या मनात होतं. उशीवर हात नेला आणि पेला रिकाम्या हवेत थोडा तिरका केला.

दूध सांडलं नाही. पेल्यात ते हळूहळू, घोटाघोटानं उतरत गेलं.