दुसरी हाक

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

मुखरू काम सोडून पळाला नव्हता. तुम्ही त्याला शोधलंच नाही.

हे मी चारचौघांत लिहितोय. तुम्ही कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांनी थाप समजायची तर समजावी. पण हे माझ्या मावसभावासोबत, खुशालसोबत घडलेलं आहे. डिसेंबर १९९९. मुलचेऱ्याकडच्या जंगलातलं रेस्ट हाऊस.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

मुखरू आमच्याच गावचा, जंगलातल्या आगी विझवायच्या कामावर होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात नाल्यापलीकडे वणवा लागला. साहेबांनी पिटाळलं, तसा तो हिरवी फांदी घेऊन धावला. परत आला नाही. साहेबांनी सांगितलं, पळाला. विषय संपला.

त्याच्याच जागेसाठी मुलाखती होत्या. खुशालला ती नोकरी हवीच होती. तळ्यातल्या मासोळीवर घर चालेनासं झालं होतं.

वऱ्हांड्यात पोरं बसलेली. शिपाई धनराज दारातून नावं पुकारत होता.

"खुशाल शेंडे!"

खुशाल गप्प बसला.

आमच्याकडे जंगलात वाढलेला माणूस पहिल्या हाकेला ओ देत नाही. हाक मारणारा माणूस असला तर तो पुन्हा मारतो. दुसरं काही असलं तर... ते एकदाच मारतं. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय. ती काय ऑफिस पाहून जाते?

धनराज चिडला. "ए खुशाल शेंडे! कान फुटले का बे?"

खुशालने तोंड उघडलं.

"ओ..."

आवाज त्याचा नव्हता.

मागून आला होता. मागे तर भिंत होती.

धनराज बाजूला सरकला, कुणाला तरी वाट दिल्यासारखा. मग त्याने दार लोटून घेतलं. वऱ्हांड्यात जळक्या पाल्याचा वास पसरला.

तो आवाज त्याने ओळखला होता.

आत बोलणं चाललं होतं... मग एकदम थांबलं.

दार उघडलं. धनराज एकटाच बाहेर आला. खुशालला पाहून दचकला.

"तू कवा आला बाहीर?"

"मी अंदर गेलोच नाई, भाऊ."

"भर दुपारी पिऊन आला का बे? आता मीनंच पानी देल्लं तुले. गिलासावर गिलास रिचवत होता, म्हशीवानी!" धनराज हसला. हसू टिकलं नाही. "पन आखरीले ते काऊन इचारलं तुनं? साहेबाचं तोंड पाह्य जाऊन."

"काय इचारलं?"

"साहेब म्हनले, तुले काई इचाराचं हाय का? सारे नाई म्हन्तेत, नमस्कार करतेत, निघतेत. तू मान खाली घालून बसून राह्यला. मंग म्हनला... 'मले ढुंढाले कोनीच काऊन नाई आलं, साहेब?'"

खुशालने दारातून आत पाहिलं. साहेब समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. खुर्चीच्या दोन्ही हातांवर...

राखेचे पंजे उमटले होते.

निवड खुशालचीच झाली. साहेब एवढंच म्हणाले, "घ्या त्याला." आणि थोड्याच दिवसांत बदली करून घेऊन निघून गेले.

खुशालची आई इंदिराबाई आडवी आली. "त्या जागेवर नोको जाऊ, बापू."

"मंग खाचं काय, माय?"

खुशाल गेला. आजही तिथेच आहे. नाल्याजवळ आला की ऐकू येतं... हाक नाही. कुणी हाक मारलेलीच नसते. नुसती ओ येते.

"ओ..."

कुणीतरी शोधत येईल म्हणून देत राहिल्यासारखी.

एका संध्याकाळी खुशालला राहवलं नाही. तो ओरडला, "मुखरूभाऊऽ!"

ओ थांबली.

रातकिडेसुद्धा थांबले...

मुखरूही इथलाच ना. पहिल्या हाकेला तो कसा बोलेल?

तो दुसरीची वाट पाहत होता. अगदी जवळून. जळक्या पाल्याचा वास खुशालच्या मानेवर येत होता...

खुशालच्या तोंडून दुसरी हाक निघाली नाही. तो पळत सुटला. ते त्याला आजही खातं. जेवता जेवता मधेच घास हातात धरून बसतो.

पण साहेब, ती हाक खुशालने का मारायची? मुखरूला आगीत तुम्ही पाठवलं होतं.

दुसरी हाक तुम्ही मारा.

कधी येताय? बोला.