लघुधरेची सवय

चौकशी समितीपुढच्या खुर्चीत डॉ. चारुशीला बिवलकर बसल्या तेव्हा त्यांना कसलीच धास्ती नव्हती. अपघात झाला होता, एक माणूस गेला होता, आणि चूक कुणाची हे त्यांच्या मते उघड होतं. पेपरवाल्यांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

देवगडजवळच्या उघड्या कातळाच्या सड्यावर उभ्या असलेल्या या कक्षा-बचाव केंद्रात सादृश्य विभाग त्यांनीच सुरू केला होता. कक्षेत बंद पडलेली याने ओढून आणणारी छोटी ओढयाने इथून चालवली जात. ती चालवणारे दूरचालक जमिनीवरच, पडद्यासमोर बसत. त्यांचं सगळं शिक्षण सादृश्यकावर होई. म्हणजे अशा यंत्रणेवर, जिथे याने, तारे, पृथ्वी सगळं गणिताने उभं केलेलं असतं आणि चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.

महिन्यापूर्वी तीन अंतराळवीरांचं एक यान बिघडून कक्षेत अडकलं. ओढयान निघालं, पण अखेरच्या टप्प्यात त्याचा मार्गदर्शक संगणक बंद पडला. दूरचालक वनिता मडावी यांना केवळ कॅमेऱ्यातलं चित्र आणि यानातल्या अभियंत्याचा आवाज यांच्या आधारावर ते हाताने न्यावं लागलं. ओढयान भरधाव येऊन यानावर आदळलं. यानाच्या भिंतीला चीर पडली. दोघे वाचले. अंतर सांगत शेवटपर्यंत खिडकीशी थांबलेला अभियंता सुबोध रणखांबे वाचला नाही.

"मी वायुदलातला माणूस," समितीचे अध्यक्ष, निवृत्त एअर मार्शल दस्तूर म्हणाले. "पुढचं विमान गाठायचं तर आम्ही वेग वाढवतो. मडावींनी ब्रेक का मारला?"

"कारण कक्षेत उलटं असतं, सर," चारुशीला म्हणाल्या. हे समजावून सांगायला त्यांना नेहमीच आवडे. "इंजिनाचा उलटा झोत दिला की यान आधी थोडं मागे पडतं. पण वेग कमी झाल्यामुळे ते पृथ्वीकडे खाली उतरतं. खालची कक्षा आखूड असते आणि तिथे वेगही जास्त असतो. त्यामुळे काही वेळाने ते वळतं आणि खालून पुढे सरकू लागतं. पहिला झोत मडावींनी अगदी बरोबर दिला. पुढे फक्त थांबायचं होतं."

"किती?"

"यान वळायला दहा मिनिटं लागतात. त्या थांबल्या नाहीत. ओढयान मागे जाताना दिसलं, त्यांनी दुसरा झोत दिला. दोन्ही झोतांचा परिणाम एकदम आला आणि मग ते आवरायला वेळच उरला नाही."

मागच्या रांगेत वनिता मडावी बसली होती. बल्लारपूरची मुलगी, निवड परीक्षेत पहिली आलेली. आपल्या जबाबात ती एवढंच म्हणाली होती, की पहिला झोत लागलाच नाही असं तिला वाटलं.

"तुमचं मत?" दस्तूरांनी विचारलं.

"त्या घाबरल्या," चारुशीला म्हणाल्या. मागे वळून बघण्याची त्यांना गरज वाटली नाही. "नऊशे तासांचा सराव झालेला माणूस एवढी साधी चूक भीतीपोटीच करतो. या कामाला एक पिंड लागतो, सर. तो निवडीच्या वेळीच बघायला हवा होता."

दस्तूरांनी चष्मा काढून पुसला. "हा सराव लघुधरेवर होतो ना? ती काय भानगड आहे?"

लघुधरा हा चारुशीलांचा अभिमान होता. खऱ्या पृथ्वीभोवती एक फेरी घालायला यानाला दीड तास लागतो. तिथे दोन यानांच्या एका भेटीचा सराव करायचा तर अख्खा दिवस जातो आणि शिकणारा कंटाळून जातो. म्हणून त्यांनी गणितात एक लहान पृथ्वी घडवली. त्रिज्या दहावा हिस्सा, घनता दसपट. त्यामुळे जमिनीवर वस्तूचं वजन तेवढंच राहतं, पण कक्षेतली फेरी अर्ध्या तासात संपते. "असा ग्रह निसर्गात असूच शकत नाही," त्या हसून म्हणाल्या. "सोन्याच्या जवळजवळ तिप्पट जड माती लागेल त्याला. पण शिकवायला उत्तम. नियम तेच, गणित तेच. फक्त सगळं तिपटीने लवकर घडतं. आज घराघरांत मुलं टॅबवर खेळ म्हणून तीच खेळतात."

"म्हणजे तिथे यान वळायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात."

"हो. खऱ्या पृथ्वीवर वेळ तिप्पट धरायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवतो. मडावींनाही ते पाठ आहे."

दस्तूर म्हणाले, "खऱ्या मापाची पृथ्वी सादृश्यकावर लावता येईल? त्या दिवशी होती तशीच परिस्थिती. शांत डोक्याचा माणूस काय करतो ते समितीला बघू द्या."

"मी स्वतः बसते," चारुशीला म्हणाल्या.

त्या दिवशी संगणकाबरोबर पडद्यावरचं घड्याळही गेलं होतं, म्हणून तेही कागदाने झाकलं. दूरचालकांना आत मनगटी घड्याळ नेता येत नसे, म्हणून चारुशीलांनी आपलंही काढून ठेवलं. कॅमेऱ्यात दूरवर यानाचा ठिपका दिसत होता. चारुशीलांनी उलटा झोत दिला आणि हात मांडीवर ठेवले. ध्वनिमुद्रणातला सुबोधचा आवाज सुरू झाला. "अंतर वाढतंय, वनिता. वाढू दे. ठीक आहे." समजूतदार, किंचित थकलेला आवाज होता. मेलेल्या माणसाचा आवाज होता, पण चारुशीलांनी लक्ष ढळू दिलं नाही. ठिपका बारीक होत होता. त्या थांबल्या. आपण थांबू शकतो हेच तर दाखवायचं होतं. आणखी थांबल्या. ठिपका अजून बारीकच होत होता.

दहा मिनिटं झाली असणार. झालीच होती, जरा जास्तच. यान वळायला हवं होतं आणि वळत नव्हतं. याचा अर्थ एकच होता. त्यांनी हात पुढे केला आणि दुसरा झोत दिला.

"पहिला झोत लागलेला नाही," मान न वळवता त्या म्हणाल्या. "यंत्रणेत बिघाड आहे. कुणीतरी तपासा."

कुणी जागचं हललं नाही.

"झोत लागला होता, डॉक्टर," दस्तूर हळूच म्हणाले. त्यांच्या हातात मनगटी घड्याळ होतं. "तुम्ही सुरू केल्याला अजून चार मिनिटं झालेली नाहीत."

चारुशीलांना आधी वाटलं, ते चुकले. मग त्यांनी पडद्यावरचा कागद स्वतः बाजूला केला आणि आकडे पाहिले. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. खोलीत सात-आठ माणसं होती आणि सगळी दुसरीकडे कुठेतरी बघत होती.

"तुम्ही स्वतः लघुधरेवर किती वर्षं आहात?" दस्तूरांनी विचारलं.

"अकरा."

"मला वाटतं, मडावी घाबरल्या नव्हत्या. तिप्पट करायचं हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पण तिप्पट कशाची करायची? मोजायला घड्याळ लागतं. ते नसलं की माणूस आतल्या अंदाजाने चालतो, आणि तो अंदाज तुम्ही घडवला आहे. त्या पृथ्वीच्या मापाने."

चारुशीलांमधल्या गणितज्ञाने पुढची पायरी केव्हाच ओलांडली होती. केंद्रात बेचाळीस दूरचालक होते. जितका हुशार तितका त्याचा सराव जास्त, आणि जितका सराव जास्त तितका त्याचा हात चुकीच्या वेळी उठणार. सगळ्यांत चांगला विद्यार्थी सगळ्यांत धोकादायक. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आज कामावर जे कुणी आहेत त्यांना थांबवा. सगळ्यांना. आत्ता."

बाहेर ओसरीत वनिता पाण्याच्या पिंपाशी उभी होती. चारुशीला तिच्यासमोर गेल्या.

"वनिता, मी जे बोलले ते..."

"राहू द्या, मॅडम," वनिता म्हणाली. रागाने नव्हे, दमलेल्या माणसासारखं. "माझं राहू द्या. सुबोध सरांच्या आईला जाऊन सांगा तेवढं. मी दोनदा गेले होते गडहिंग्लजला. त्यांनी दार नाही उघडलं. आतूनच म्हणाल्या, तू घाबरलीस म्हणून माझा मुलगा गेला. तेच छापून आलं होतं ना पेपरात, तुमच्या नावानं."

सुबोधची आई, इंदुमती रणखांबे, निवृत्त शिक्षिका होत्या. चारुशीलांनी दारात आपलं नाव सांगितलं, तशी त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

"अगं बाई, लघुधरावाल्या ना तुम्ही? या, आत या. सुबोध किती सांगायचा तुमच्याबद्दल."

यासाठी चारुशीलांच्या मनाची तयारी नव्हती. त्या शिव्या खायला आल्या होत्या. इंदुमतीबाईंनी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, पोहे टाकू का विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कोपऱ्यातला टॅब पुसून पुढ्यात ठेवला.

"त्याचं काम काही कळायचं नाही मला. म्हणून त्याने हा खेळ शिकवला. म्हणाला, आई, यात मी वर काय करतो ते सगळं आहे. आता रोज खेळते. दुपारी घर खायला उठतं." त्यांनी सराईतपणे उलटा झोत दिला. "बघा, आता हे मागे जाणार. मग वळणार. कधी वळणार ते मला न बघता कळतं."

त्यांनी डोळे मिटले. चारुशीला पडद्याकडे बघत राहिल्या. आपल्याही आत काहीतरी मोजतं आहे, हे त्यांना आज प्रथमच स्पष्ट जाणवत होतं. श्वासासारखं, न सांगता.

"आता!" इंदुमतीबाई म्हणाल्या.

त्याच क्षणी चारुशीलांच्या ओठांवर तोच शब्द आला होता. पडद्यावर यान वळलं.

"बाई," चारुशीला म्हणाल्या, "मला तुम्हाला काही सांगायचंय." आणि त्यांनी सांगितलं. लहान पृथ्वी का केली, त्यातून हाताला काय सवय लागली, पेपरात आणि चौकशीत आपण वनिताबद्दल काय बोललो, आणि मग स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर काय झालं. काहीच गाळलं नाही. पिंडाची गोष्टसुद्धा.

इंदुमतीबाईंनी टॅबकडे बोट केलं.

"खरी पृथ्वी लावता येते यात?"

"येते. कुणी लावत नाही. फार वेळ लागतो."

"लावा."

चारुशीलांनी ती लावली. इंदुमतीबाईंनी झोत दिला आणि दोघी बघत बसल्या. यान मागे जाऊ लागलं. स्वयंपाकघरात कुकर निवत होता. थोड्या वेळाने इंदुमतीबाईंचं बोट पडद्याकडे निघालं, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने ते धरून ठेवलं.

"वळलं नाही," त्या म्हणाल्या.

"अजून बराच वेळ आहे."

"आणि तिकडून माझा सुबोध सांगतोय, अंतर वाढतंय."

"हो."

यान मागे जातच होतं. ते थांबवायची इच्छा इतकी जोरात येत होती, की चारुशीलांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"एवढा वेळ कसं थांबायचं हो कुणी?" इंदुमतीबाई म्हणाल्या. "मी तिला दारातून हाकललं. तिचा नंबर आहे तुमच्याकडे? लावा. आधी लावा."

चारुशीलांनी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून वनिताचा आवाज आल्याबरोबर त्या म्हाताऱ्या बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, जणू ती मुलगी समोर आली होती.

"वनिता, मी सुबोधची आई. पोरी, माझी चूक झाली. तू उन्हातून आली होतीस आणि मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही. माफ कर मला."

पलीकडे वनिता काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. इंदुमतीबाई पदराने डोळे पुसत पुन्हापुन्हा तेच म्हणत होत्या, माझी चूक, माझीच चूक. त्यांना थांबवायला हवं होतं. ही माफी त्यांनी मागायची नव्हती. पण चारुशीलांना मान वर करवेना. त्या टॅबकडे बघत राहिल्या, आणि यान अजून मागेच चाललं होतं.