पास्कोल तुस्कानोचं मौन

वसईच्या त्या शाळेत मुलांची वैद्यकीय तपासणी अलीकडे गाण्याच्या तासाला होई. मुलं रांगेनं पेटीपाशी येत, रेजिनाबाई सा द्यायच्या, आणि मूल तो सा टेबलावरच्या काळ्या डबीपुढे लावायचं. डबी गाणं ऐकत नसे. ती घशाच्या स्नायूंची बारीक थरथर ऐके, श्वासांमधलं अंतर मोजे, आणि पुढे कधीतरी उगवणाऱ्या दुखण्याचं बी आजच पडलंय का, ते सांगे. या विद्येला स्वरनिदान म्हणत. पहिल्या वर्षी सगळे घाबरले होते. आता मुलं डबीपुढे उभी राहून जांभया देत.

त्या दिवशी तास संपता संपता रेजिनाला पुण्याहून फोन आला. ध्वनिसंग्रहालयातल्या यामिनी देवस्थळींचा.

"बाई, तुमच्या वडिलांच्या ध्वनिमुद्रणांत काही सापडलंय. फोनवर नको. येऊ शकाल?"

पास्कोल तुस्कानो जाऊन सतरा वर्षं झाली होती. वसईच्या लग्नांतून ट्रम्पेट वाजवणारा हा माणूस मुंबईच्या हॉटेलांत पोचला, तिथे जाझच्या नादी लागला आणि स्वतःचा बँड घेऊन जवळजवळ अर्धशतक वाजवत राहिला. काळ्या तबकड्या, कॅसेट, सीडी, मग नुसतंच इंटरनेट. साधनं बदलली, पास्कोल वाजवत राहिला. उतारवयात तर त्याचं नाव फारच झालं. वाजवता वाजवता तो मध्येच थांबे, श्रोत्यांचा श्वास अडके, आणि मग कुठूनतरी एकच सूर येई. जाणकार त्या काळाला पास्कोलचा मौनकाळ म्हणत. त्यावर प्रबंध झाले होते.

रेजिना त्या बँडमध्ये पियानो वाजवत असे. वयाच्या एकविसाव्या वर्षी तिनं तो सोडला. त्यानंतर शाळेची पेटी सोडून तिनं कुठल्याच वाद्याला हात लावला नव्हता.

संग्रहालयात यामिनीनं तिला एका लहानशा खोलीत बसवलं. बाई चाळिशीतली, बोलायला नेमकी. पण आज शब्द शोधत होती.

"आम्ही त्यांचं सगळं वादन क्रमानं लावतोय. जुन्या मुद्रणांतली खरखर काढायला जे यंत्र वापरतो, त्यालाच आता स्वरनिदान जोडलेलं असतं. ट्रम्पेट म्हणजे शेवटी श्वासच की. पहिल्या तीस वर्षांच्या मुद्रणांवर यंत्र काही बोललं नाही. नंतर बोलायला लागलं."

"काय?"

"त्यांचा स्मृतिभ्रंश डॉक्टरांना कळला त्याच्या चौदा वर्षं आधी सुरू झाला होता. मौनकाळ म्हणतो ना आपण, तेव्हापासून. ते थांबत नव्हते, बाई. पुढचं त्यांना आठवत नव्हतं."

पप्पांच्या शेवटच्या वर्षांत रेजिनानंच त्यांना भरवलं होतं. चमचा तोंडाशी नेला की ते विचारत, तू कुणाची मुलगी? पण ते दुखणं म्हातारपणी आलं, असं तिनं धरलं होतं. इतकं मागे त्याचं मूळ गेलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आणखी एक आहे," यामिनी म्हणाली. "'मीठवारा' नावाचं मुद्रण. प्रेक्षकांसमोरचं."

तो कार्यक्रम रेजिना विसरूच शकत नव्हती. भर सभागृहात बँडचा मेळ फिसकटला होता, पप्पांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं होतं, आणि माइकवरून, हसत हसत, सांगितलं होतं, "ज्याला मोजता येत नाही, त्यानं पियानोवर बसू नये." लोक हसले. दुसऱ्या दिवशी तिनं बँड सोडला. पुढे कित्येक वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत, आणि पप्पांनी तो विषय कधी काढला नाही.

यामिनीनं मुद्रण लावलं. यंत्रानं एकेक वाद्य सुटं केलं होतं. आधी नुसता ट्रम्पेट वाजला. चालीचा पहिला तुकडा झाला, आणि मधला तुकडा गाळून ट्रम्पेट सरळ शेवटच्या तुकड्यावर गेला. मग नुसता पियानो. एकवीस वर्षांची रेजिना, स्वच्छ, ठाम, जिथे असायला हवी तिथे.

"चूक तुमची नव्हती," यामिनी म्हणाली. "पण हे ऐका. ड्रम."

ड्रम पियानोबरोबर चालला होता. एक क्षण काठ्या थबकल्या. मग ड्रमनं पियानो सोडला आणि तो ट्रम्पेटच्या मागे गेला. त्याच्या मागून बास गेला, सॅक्सोफोन गेले, सगळा बँड गेला. पियानो एकटा राहिला.

"त्यानंतरच्या प्रत्येक मुद्रणात," यामिनी म्हणाली, "ते थांबले की पुन्हा सुरू होण्याआधी ड्रमच्या झांजेवर काठीचा अगदी हलका स्पर्श येतो. एरवी मुद्रणात तो ऐकू येत नाही. कुणीतरी त्यांना जागा दाखवत होतं."

ड्रमवर सायमन लोपीस होते. बँडपैकी तेवढेच आता हयात होते.

सायमनकाका वसईजवळच गिरीजला सुनेकडे राहत. केळीच्या बागेत खारं पाणी शिरल्यापासून बाग उजाड झाली होती, तरी ते सकाळी तिथेच खुर्ची टाकून बसत. नव्वदीला टेकलेले, पण मनगटं अजून जाड. रेजिनानं सगळं सांगितलं.

"काका, तुम्हांला माहीत होतं?"

"सगळ्यांच्या आधी. ड्रमवाल्याला कळतंच गं. माणूस कुठे अडखळणार, ते आधी पाठीत दिसतं."

"मग त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर का नाही राहिलात? मी बरोबर होते."

"तू बरोबर होतीस," ते शांतपणे म्हणाले. "तुझ्याबरोबर राहिलो असतो तर पास्कोल उघडा पडला असता. चारशे माणसांसमोर. त्यानंतर तो पुन्हा उभा राहिला असता, असं वाटतं तुला? आणि बँडवर बारा घरं होती, बाय."

"मला नंतर तरी सांगायचं होतं."

"तू त्याला सांगितलं असतंस."

हे खरं होतं. वाळलेल्या केळीच्या पानांत वारा खरखरत होता.

"परत येताना गाडीत त्यानं मला विचारलं," सायमनकाका म्हणाले. "म्हणाला, सायमन, खरं सांग. पोर चुकली की मी?"

"आणि?"

"मी म्हटलं, पोर चुकली."

रेजिनानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही.

"तो वसईपर्यंत शांत झोपला मग. तुला माझा राग येणार, येऊ दे. पण आजही तो तसा शेजारी बसला आणि तसं विचारलं, तर मी तेच सांगेन. त्यानंतरही तो बारा वर्षं वाजवत होता."

रेजिना उठली. फाटक ओढून घेऊन बाहेर पडली. पप्पा खोटं बोलले नव्हते. मरेपर्यंत त्यांचा समज होता की आपल्या मुलीला मोजता येत नाही. इतकी वर्षं ती ज्या माणसावर रुसली होती, त्याचा गुन्हाच नव्हता, आणि ज्याचा होता त्याला तो गुन्हा वाटत नव्हता.

महिन्याभरानं यामिनीनं पुन्हा बोलावलं. संग्रहालयाच्या पुढे एक प्रस्ताव होता आणि वारस म्हणून रेजिनाची संमती हवी होती. दुखण्याआधीच्या तीस वर्षांच्या वादनावरून यंत्र नंतरच्या प्रत्येक जागी पास्कोलनं काय वाजवलं असतं, ते बांधू शकत होतं. रिकाम्या जागा भरायच्या, गाळलेले तुकडे परत आणायचे. अशा मुद्रणाला संग्रहालयातले लोक 'निरोगी आवृत्ती' म्हणत.

"माझं मत विचाराल तर मला नको वाटतं," यामिनी म्हणाली. "लोकांनी त्या मौनावर प्रेम केलंय. पण निर्णय तुमचा. नमुना म्हणून 'मीठवारा' केलंय."

रेजिनानं ऐकलं. पहिला तुकडा झाला. मग ट्रम्पेट वळला आणि मधल्या तुकड्यात शिरला, रुंद, भरल्या छातीचा, तिच्या लहानपणीच्या पप्पांसारखा. पियानो त्याला खालून आधार देत होता. ड्रम कुठेही थबकला नाही. कुणी हात वर केला नाही, कुणी माइकजवळ गेलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या आणि पडतच राहिल्या.

तिनं डोळे पुसले. "हे लोकांना देऊ नका," ती म्हणाली. "त्यांचं जसं होतं तसं राहू दे. पण एवढं एक मला द्या. घरी ऐकायला."

शाळेतून आली की ती ते लावी. पहिल्यांदा नुसती ऐके. मग तिनं जुना पियानो दुरुस्त करून घेतला आणि यंत्रातल्या पप्पांबरोबर वाजवू लागली. बोटं आखडली होती, ती हळूहळू सुटली. शेजारची माणसं कुंपणाशी थांबून ऐकत. इतकी प्रसन्न ती कुणाला कधी दिसली नव्हती. पावसाळा गेला, नाताळ आला. नाताळात बहिणीच्या मुलीनं जेवताना सहज विचारलं, "मावशी, तू बँड का सोडलास गं?"

रेजिना उत्तर द्यायला वळली आणि थांबली. कार्यक्रम आठवत होता. टाळ्या आठवत होत्या. त्यानंतर काहीतरी झालं होतं, एक वाक्य होतं, आयुष्यभर कानात बसलेलं. ती ते शोधू लागली. तिथे फक्त ट्रम्पेट वाजत होता, रुंद, भरल्या छातीचा. ती इतका वेळ गप्प राहिली की मुलीनं विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी तिनं सायमनकाकांना फोन लावला.

"काका, एक विचारायचं होतं. 'मीठवारा'च्या वेळी पप्पा माइकवर काय म्हणाले होते? रोज ते ऐकून ऐकून माझा गोंधळ झालाय बहुतेक."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. नुसता म्हाताऱ्या माणसाचा श्वास.

"काही नाही म्हणाला, बाय," सायमनकाका म्हणाले. "छान वाजवलंत तुम्ही दोघांनी त्या दिवशी."

"हो ना? मलाही तसंच वाटत होतं."

"तू पियानो वाजवतेस असं ऐकलं. रोज?"

"रोज."

"मग उद्यापासून मी येऊन बसू का तुझ्याजवळ?" त्यांनी विचारलं. "नुसता ताल धरीन."