उद्याचं ऊन

तुम्ही वैजू आत्याचं दुकान लपवलंत. बंद केलं नाहीत, पाटी उतरवली नाहीत, नोटीस पाठवली नाहीत. नुसतं लपवलंत, आणि वर विचारलंत की बाई, तुमचा माल खपत का नाही. तुमचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की तुम्हाला तीही फुकटची जाहिरात वाटते. पण सगळं जग मोबाइलवरच्या ज्या एका मोठ्या चावडीवर बोलतं, बघतं आणि विकत घेतं, त्या चावडीचे मालक कोण, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक आहे.

मुलांनो, आता तुमच्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

काळ फार लांबचा नाही. तोवर चोपड्याच्या उन्हाळ्याचा भरवसा उरला नव्हता. सकाळी अंग भाजणारं ऊन, आणि दुपारी कुठून तरी धूळ, वारा, पाऊस. अंगणात वाळत घातलेल्या बिबड्यांचा चिखल व्हायचा. बिबडी म्हणजे आमच्या खानदेशातला ज्वारीचा पापड. ज्वारी काही दिवस भिजवायची, दळायची, तिचा घाटा, म्हणजे दाट लापशी, शिजवायचा, तो ओल्या कापडावर थापायचा आणि कापड खाटेवर टाकून वाळवायचं. इतका खटाटोप, आणि एका ढगानं मातीत.

हेमांगीची वैजू आत्या यंत्रं जोडणारी. तिनं वाळवणपेटी बनवली. खाली काळा पत्रा, वर पारदर्शक झाकण, बाजूला छोटा पंखा, आणि त्याला वीज द्यायला सौरपट्टी (उन्हापासून वीज करणारी पाटी). आत ठेवलेलं वाळवण निम्म्या वेळात वाळायचं. धूळ नाही, चिमण्या नाहीत. ढग आले की झाकणाची कडी लावायची, संपलं.

आता कोडं ऐका. चावडीवर आत्याच्या दुकानाचे वीस हजार पाठीराखे होते. म्हणजे "इथे नवं काही आलं तर मला दाखवा" हे बटण वीस हजार माणसांनी आपल्या बोटानं दाबलं होतं. फाल्गुनात आत्यानं नवी पेटी मांडली. ती दिसली किती जणांना? एका वर्गात मावतील इतक्यांना, आणि त्यात निम्मे नातेवाईक. मग बाकीचे गेले कुठे?

हेमांगी सहावीत होती. आईवडील कामासाठी फिरतीवर, त्यामुळे ती आत्याकडेच वाढत होती. एका सकाळी भाकरी थापता थापता आत्यानं तिला सांगून टाकलं, की वाळवणाचा हा हंगाम संपायच्या आत पेट्या खपल्या नाहीत, तर पेट्यांच्या कारखान्याला कुलूप लावून ती शहरातल्या गोदामात नोकरी धरणार. हेमांगीनं वसतिगृहात राहायचं. आणि गोदाम कुणाचं? चावडीच्या मालकांनो, तुमचंच.

घरात तिसरा होता तात्या. हा टपाल खात्यातून निवृत्त झालेला यंत्रमानव. आत्यानं भंगारातून उचलून आणलेला. चार हात, त्यातला एक कायमचा अडकलेला, आणि स्वभाव जुन्या पोस्टमास्तरचा. घरातल्या घरातही दार वाजवल्याशिवाय आत यायचा नाही. हेमांगीनं कोडं त्याच्यापुढे टाकलं.

"हेमांगीबाई, ते लोक कुठेही गेलेले नाहीत," तात्या म्हणाला. "तुमच्या आणि त्यांच्या मध्ये कुणीतरी उभं आहे."

मग त्यानं समजावलं. चावडीवर कुणाला काय दिसावं हे अल्गोरिदम ठरवतो (काय वर आणायचं आणि काय दाबायचं, हे ठरवणाऱ्या नियमांची साखळी). त्याला पेटी चांगली की वाईट हे कळत नाही. माणूस पडद्याला किती वेळ चिकटला एवढंच कळतं. पेटीत वाळणाऱ्या बिबडीकडे कोण टक लावून बघत बसणार? म्हणून ती तळाला गेली. वर यायचं असेल तर मालकाला पैसे मोजायचे. थोडक्यात, वीस हजार पाठीराखे आत्याचे नव्हतेच. ते चावडीचे होते, आत्याला उसने दिलेले.

"ई-मेलचं तसं नाही," तो पुढे म्हणाला. "ती माणसाच्या नावाची टपालपेटी. तिथे पत्र टाकायला चावडीच्या मालकाची परवानगी लागत नाही. फक्त त्या माणसाची लागते."

शेवटचं वाक्य हेमांगीनं ऐकलंच नाही. ती केव्हाच कपाटाकडे धावली होती. तिथे समाजाच्या वधूवर मेळाव्याची पुस्तिका होती. शेकडो मुलं-मुली, त्यांची उंची, शिक्षण, मामाचं गाव, आणि खाली प्रत्येकाचा ई-मेल. आयते पत्ते. संध्याकाळपर्यंत तिनं आत्याच्या ई-मेलवरून सगळ्यांना पेटीचं पत्र धाडलं, आणि विषयात लिहिलं: आपल्यासाठी खास.

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. पारोळ्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की मुलीला स्थळ आलं म्हणून बायकोला देवापुढे साखर ठेवायला लावली, पत्र उघडलं तर पत्र्याची पेटी. धरणगावच्या एका आजीनं विचारलं होतं, की मुलगा काय करतो ते लिहायचं राहिलं का. बाकीच्यांनी काही लिहिलं नाही. त्यांनी सरळ "नको असलेली डाक" हे बटण दाबलं.

हेमांगीला आधी हसू आलं. मग तिनं मंदाकाकूंना एक साधं पत्र पाठवलं. मंदाकाकू म्हणजे समोरच्या घरातल्या, ज्यांना पेटी खरंच हवी होती. पत्र पोचलं नाही. ते त्यांच्या ई-मेलमधल्या कचऱ्याच्या खणात पडलं होतं.

तात्यानं कारण सांगितलं. प्रत्येक टपालसेवेपाशी एक चाळणी असते (नको असलेली पत्रं बाजूला काढणारी यंत्रणा). ती पाठवणाऱ्याची पत बघते. लोक पत्रं उघडतात, उत्तर देतात, तर पत वाढते. लोक कंटाळून तक्रार करतात, तर पत घसरते, आणि मग हव्या असलेल्या माणसालाही पत्र मिळत नाही. एका दिवसात हेमांगीनं आत्याची पत धुऊन टाकली होती.

आत्या ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "उद्या आपल्याकडे बिबड्या असल्या, तर तू बायकांना कशी बोलावतेस?"

"आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन विचारते. येता का म्हणून."

"नाही म्हणाली एखादी तर?"

"तर पुढच्या घरी जाते."

"की घाट्याचं पातेलं घेऊन तिच्या घरात घुसतेस?"

हेमांगीचं डोकं चालू झालं. ज्या येतात त्यांना आपण आधी काय देतो? गरम घाटा, वाटीभर, वर तेल-तिखट. काम नंतर, वाटी आधी. मग पत्ता देणाऱ्या बाईला आपण आधी काय देणार? घाटा काही तारेतून जात नाही. बिबडी करणाऱ्या बाईला आदल्या संध्याकाळी सगळ्यात जास्त काय हवं असतं?

"उद्या ऊन पडेल का, हे," ती एकदम म्हणाली. "आत्या, आपण त्यांना उद्याचं ऊन पाठवू."

आत्याच्या गच्चीवर पेट्या तपासायची उपकरणं होतीच: हवेचा दाब, ओलावा आणि वारा मोजणारी. उपग्रहाची चित्रं सगळ्यांसाठी खुली. तात्याला आयुष्यभर टपाल निवडायची सवय, आता तो आकडे निवडायला बसला. तिघांनी मिळून ऊनपत्र काढलं. रोज संध्याकाळी चार ओळी: उद्या ऊन किती वाजेपर्यंत, वारा कुठून, घाटा शिजवायचा की थांबायचं. पेटीची गोष्ट अगदी खाली, एका ओळीत.

मेळाव्याचे सगळे पत्ते हेमांगीनं पुसून टाकले. यादी कोरी. मंदाकाकूंना कचऱ्याच्या खणातून पत्र वर काढून "हे मला हवंय" असं बटण दाबायला सांगितलं. तेच पहिलं नाव. मग आत्याकडून आधी पेटी नेलेल्यांना फोन करून विचारलं. दुकानाच्या पानावर एक चौकोन काढला: उद्याचं ऊन हवंय? पत्ता द्या, रोज एकच पत्र येईल, पत्ता दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. शनिवारच्या बाजारात ती स्वतः उभी राहिली. एका पोरानं गंमत म्हणून त्याच्या मास्तरांचा पत्ता लिहून दिला. पण तात्या पक्का होता. नवा पत्ता आला की तो आधी एकच पत्र पाठवायचा: हे तुम्हीच मागितलंय ना? हो म्हणा. मास्तर हो म्हणाले नाहीत, म्हणून मास्तरांना पुढे काही गेलं नाही. याला दुहेरी होकार म्हणतात (पत्ता दिल्यावर त्याच पत्त्यावरून पुन्हा मिळालेली संमती).

प्रत्येक पत्राच्या शेवटी "थांबवा" हे बटण होतं. पहिल्यांदा कुणीतरी ते दाबलं, तेव्हा हेमांगी रुसली आणि बटण बारीक अक्षरात करूया म्हणाली. तात्यानं साफ नकार दिला. जायचं दार सापडलं नाही की माणूस तक्रारीचं बटण दाबतो. दार उघडं दिसलं की बसतो निवांत.

यादी हळूहळू वाढली. मग यावलच्या बायका जोडल्या गेल्या, आणि गडबड झाली. चोपड्याचं ऊन यावलला लागू पडेना. तेव्हा तात्यानं यादीचे गावागावानुसार गट केले, ज्याचं त्याला पत्र. बायका ते आपल्या बहिणींना, विहिणींना पुढे धाडायला लागल्या. तिथूनही होकार आले. हेमांगीनं एकही पत्ता ओढून आणला नाही. तरी चैत्र संपताना यादीत तालुक्याबाहेरची नावं जास्त होती.

आणि मग तो दिवस आला. आकाश आरशासारखं स्वच्छ होतं. चावडीवर तुमचा अल्गोरिदम लोकांना मांजरींची नाचगाणी दाखवत होता. गच्चीवर हवेचा दाब मात्र घसरत चालला होता. तात्यानं दोनदा तपासलं आणि संध्याकाळचं पत्र गेलं: उद्या दुपारी वादळ. सकाळच्या उन्हाला भुलू नका. घाटा शिजवू नका. पेटी असेल तर दुपारच्या आत कडी लावा.

सकाळी इतकं कडक ऊन पडलं, की मंदाकाकू दारातून टोमणा मारून गेल्या: "काय गं हेमा, तुझ्या वादळाची गाडी चुकली वाटतं?"

हेमांगीला जेवण गेलं नाही. एक अंदाज चुकला, की मिळवलेला सगळा विश्वास जाणार. आणि आत्याही जाणार.

दुपारी पश्चिमेकडून तांबडी भिंत चालत आली. धूळ, मग गारा. पत्रे उडाले, खाटा उलटल्या. पण त्या दुपारी चोपडा, यावल, अमळनेर, जिथे जिथे ऊनपत्र पोचत होतं, तिथल्या खाटा रिकाम्या होत्या. ज्वारी डब्यात कोरडी होती. पेट्यांना कड्या लागलेल्या होत्या.

संध्याकाळी पत्रं यायला लागली ती थांबेनात. झाकणावर गारा आणि आत कोरड्या बिबड्या, असे फोटो. एकीनं लिहिलं, सासूबाई म्हणतात ही पेटी मलाही हवी. एकीनं सगळ्या गल्लीसाठी मागितल्या. मंदाकाकू स्वतः घाट्याची वाटी घेऊन आल्या आणि ती हेमांगीच्या हातात ठेवून गेल्या. उरलेल्या पेट्या गेल्या. पुढच्या वाळवणाच्या पेट्यांची नावं लागली. आत्यानं कामाला दोन बायका घेतल्या, आणि गोदामाच्या नोकरीचा अर्ज तात्याच्या अडकलेल्या हातात ओटा पुसायला खोचला.

मग, मालकांनो, तुमचं पत्र आलं. यादी आम्हाला द्या, तुमचं दुकान चावडीवर पुन्हा सगळ्यात वर दाखवू.

आत्यानं हेमांगीकडे बघितलं. "तू सांग. बोलावणं तू केलंयस."

हेमांगीनं उत्तर लिहिलं. तात्यानं ते दार वाजवून तुमच्या पत्त्यावर पोचतं केलं. वर्षं झाली. आज ऊनपत्र पाच राज्यांत जातं, हेमांगी हवामानशास्त्र शिकते आहे, आणि त्या उत्तराला तुमच्याकडून अजून एक ओळ आलेली नाही. म्हणून ते इथे सगळ्यांसमोर छापतो:

"ही यादी आमची नाही, म्हणून ती विकता येणार नाही. प्रत्येक नाव म्हणजे एका बाईनं आम्हाला दिलेला होकार आहे. तो दुसऱ्याला देता येत नाही. आता तुम्ही सांगा. वीस हजार लोकांनी तुमच्या चावडीवर बटण दाबून सांगितलं होतं, की या दुकानाचं नवं काही आलं तर आम्हाला दाखवा. ते तुम्ही त्यांच्यापासून लपवलंत. कुणाला विचारून?"