नऊ फूट चार

इंदरगंजच्या चौकात, औषधाच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. तीन टेबलं आणि एक कूलर, तोही मे महिन्यात गरम हवाच फेकणारा. मी डिग्रीवाला नाही. दाना ओलीतल्या आमच्या घरी बसून, व्हिडिओ बघून शिकलो. जे येतं ते येतं, जे कळत नाही ते सांगून टाकतो. म्हणून हेही सांगतोय.

काम सरळ होतं. शहराच्या पाण्याच्या अकरा टाक्या. लष्कर भागातल्या वेगळ्या, मुरार भागातल्या वेगळ्या. सगळ्या एकाच कंट्रोल रूमला जोडायच्या. प्रत्येक टाकीची एक छोटी फाइल, तिच्यात एवढंच की टाकीला काय विचारता येतं आणि उत्तर कशात येतं. मी एक प्रोग्राम लिहिला. तो फाइल वाचतो आणि प्लगिनचा, म्हणजे टाकी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, सांगाडा अन् माहितीचं पान काढून देतो. सांगाड्यातल्या रिकाम्या जागी टाकतो, 'हे तुम्ही भरा'. पानावर नमुन्याचं उत्तर म्हणून शून्य. बस. स्वतःच्या मनानं तो एक अक्षर लिहीत नाही. लिहूच शकत नाही, मीच बनवलाय ना.

गुरुवारी सकाळी शरयूताई, आमची सीनियर, खुर्चीतूनच ओरडली, "मधु, पानात शायरी कब से टाकायला लागलास?"

मुरारच्या जुन्या टाकीचं पान होतं. फाइलमधे एकच प्रश्न, पातळी किती. पानावर दोन. दुसऱ्याचं नाव 'परत म्हणा'. खाली लिहिलेलं:

'आकडा आला की परत म्हणा, वेळेसकट. परत म्हटल्याशिवाय वरचा माणूस खाली येत नाही.'

नमुन्याचं उत्तर, नऊ फूट चार.

"आपलं सगळं मीटरमधे आहे," शरयूताई म्हणाली.

"मी नाही लिहिलं गं. कसम से."

"मग काय टाकीनं लिहिलं?"

प्रोग्राम परत चालवला. तेच पान. फाइल उडवली, चार ओळींची नवी फाइल हातानं टाइप केली. तेच पान.

"अरे काढून टाक. ती टाकी तर उद्या पाडतायत."

"काढलं तर कुठून आलं ते कसं कळणार?"

"मग जा मुरारला. तिथे तुकोजी म्हणून जुने पंपवाले आहेत. त्यांना विचार, आणि लवकर ये."

पान छापून घेतलं, लॅपटॉप बंद करून बॅगेत टाकला, निघालो.

मैदानात टाकी उभी होती, आठ पायांवर. लोखंडी शिडी खालून कापलेली, पोरं चढू नयेत म्हणून. वर उरलेल्या पायऱ्या मी सवयीनं मोजल्या. एकतीस.

तुकोजी समोरच्याच क्वार्टरमधे राहत होते. पान वाचलं. दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं, ते उचललंच नाही.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही काका. मशीनमधून आलं."

त्यांनी पान मला परत दिलं.

"कान्होजीदादा वर चढायचा," म्हणाले. "काठीनं पाणी मोजायचा, आकडा ओरडायचा. मी खालून परत म्हणायचो, घड्याळ बघून वेळही. मग तो उतरायचा. मग एका साली पाण्याची तीन खाती एक केली, मोजायला यंत्र लागणार होतं. तो वर होता आणि मला सहीला बोलावलं, बदलीच्या कागदावर. पाच मिनिटं म्हणाले. परत आलो तर शिडीखाली त्याच्या चपला. वर कोणी नाही. टाकी रिकामी करून बघितली बेटा. काही नाही."

"मग?"

"मग काय. कुठे निघून गेला असेल, म्हणाले. अनवाणी? मे महिन्यात?" ते हसले, पण ते हसू बघवलं नाही. "दर साली खाली जाऊन उभा राहतो. पण मी आकडाच ऐकला नव्हता रे. काय परत म्हणू? आणि उद्या तर टाकीच पाडतायत."

मी पान त्यांच्या हातात दिलं.

ते टोपी घालून निघाले. उन्हात, माझ्या पुढे. शिडीखाली थांबले, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मान वर केली.

"नऊ फूट चार! दोन सतरा!"

कबुतरं उडाली. मग काही नाही. गरम वाऱ्याची लूसुद्धा थांबली.

वरची पायरी वाजली.

मग त्याखालची. गंज झरझर खाली पडत होता. मी मोजत राहिलो, दुसरं काही सुचेना. दहा. वीस. सावकाश, दमलेल्या माणसाचं उतरणं.

एकतीस.

तिथे शिडी संपते.

बत्तीस. तेहतीस. रिकाम्या हवेत, लोखंडाचाच आवाज.

मला भीती वाटली नाही. हात आपोआप जोडले गेले.

बेचाळीस.

तुकोजी जरा बाजूला सरकले, कोणाला जागा द्यावी तसे. "आलास दादा," म्हणाले. "चल. फार ऊन आहे."

शुक्रवारी अकराला टाकी पाडली. ऑफिसात मी ते पान उघडलं. एकच प्रश्न. नमुन्याचं उत्तर, शून्य.

"काढलीस ना शायरी?" शरयूताई म्हणाली. "शाब्बास."

मी काढली नव्हती. बुधवारनंतर प्रोग्रामला हातही लावला नाही, गुरुवारी सकाळच्या त्या दोन खेपा सोडल्या तर.

पान कधी तयार झालं ते प्रोग्राम तळाशी छापतो. तिथे होतं, गुरुवार, दुपारी दोन सतरा.

त्या वेळी लॅपटॉप माझ्या पाठीवर होता. बॅगेत. बंद.