वी म्हणजे कोण?

कासाच्या नाक्यावरची जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे देवालाही ठाऊक आहे. सतरा सालच्या त्या सकाळी आत बारा माणसं कोंबली होती, ड्रायव्हरला अजून दोन हवी होती, आणि मधल्या सीटवर चेपून बसलेली रूपी कागद बघून पुटपुटत होती, "मायसेल्फ रूपी... मायसेल्फ रूपी..."

"आय ॲम," शेजारून आवाज आला.

रूपीनं मान वळवली. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. "तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. पण मायसेल्फ म्हणजे 'मी स्वतःला'. 'स्वतःला रूपी' असं कोणी बोलतं का?"

अगं बाई, काय हा आगाऊपणा! तिला रागही आला आणि हसूही.

हा लाहू. डहाणूच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा. रूपी तलासरीकडची, कासाला मामाकडे राहून डहाणूत नर्सिंग शिकत होती. तीन महिन्यांनी वलसाडच्या एका दवाखान्यात तिची मुलाखत होती, तीही इंग्रजीतून. दोघांची जीप रोजची एकच. मग काय, शिकवणी सुरू झाली.

"वडील काय करतात?"

"माय फादर... दे आर फार्मर."

"दे? किती वडील आहेत तुम्हाला?"

"एकच! पण मान द्यायला नको?"

"इंग्रजीत 'ही' म्हणायचं."

"बापाला 'ही' म्हणू? आमच्याकडं 'ही' म्हणजे बाई! आई पायताण काढेल."

लाहू इतका हसला की पुढच्या मावशी वळून बघू लागल्या. हसताना त्याचा चष्मा घसरायचा, तो बोटानं वर सारायचा... आणि तेवढं बघायला मिळावं म्हणून रूपी मुद्दाम चुका करायला लागली. खोटं कशाला सांगू? व्याकरण तिला केव्हाच आलं होतं!

मुलाखत झाली, नोकरी लागली. त्या दिवशी डहाणू रोडला उतरल्यावर तिनं लाहूला थांबवलं आणि पेढ्यांचा पुडा पुढं केला.

"सोमवारपासून जायचं."

लाहूचा चेहरा खुलला.

"आणि... रविवारी पाहुणे येतायत. मला बघायला. बायजी आत्यानं स्थळ आणलंय."

बोल ना रे बाबा, आता तरी बोल, तिचं मन आतून ओरडत होतं. रविवारी एकदा घरच्यांनी होकार दिला, की संपलंच सगळं.

लाहूनं पेढा हातातच धरला. "वी आर... वी आर व्हेरी हॅपी फॉर यू."

रूपीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वी म्हणजे कोण?"

"म्हणजे... आम्ही. शाळेतले सगळे..."

"शाळेतले सगळे मला ओळखतात?"

"तसं नाही... म्हणजे आपण—"

"आपण नाही हं! 'आपण'मध्ये मीसुद्धा येते. आणि मी खूश नाही, सर. अजिबात नाही." तिचे डोळे भरून आले.

मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता. लाहू जागचा हलला नाही.

"मी तरी कुठं खूश आहे?" तो म्हणाला. "महिनाभर रोज ठरवून येतो, आज बोलायचंच... आणि तू शेजारी बसलीस, की तोंडाला कुलूप."

"मग आता?"

"शनिवारी आईला घेऊन तलासरीला येतो. तुझ्या आईनं हाकललं तर हाकललं."

"नोकरी मी सोडणार नाही, आधीच सांगते."

"सोड कोण म्हणतंय? वलसाड काय फार लांब आहे? सकाळी गाडी आहे, संध्याकाळी आहे. आपण बघू की वेळा."

रूपीनं ओढणीनं डोळे पुसले. "काय म्हणालात?"

"गाडीच्या वेळा..."

"त्याच्या आधी."

लाहूला कळायला जरा वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, "आपण."